पक्षाची नोटीस आणि परतीची तारीख

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. तुम्ही एका पक्षाचे पंधरा वर्षांपासूनचे सभासद आहात. तुमच्या तालुक्यातल्या पुढाऱ्याने भर सभेत एका समाजाबद्दल घाण शब्द वापरले, समोरच्यांनी टाळ्या वाजवल्या आणि क्लिप गावोगाव फिरली. पहिल्या दिवशी पक्षाचे प्रवक्ते म्हणाले, 'ते त्यांचं वैयक्तिक मत आहे.' तिसऱ्या दिवशी 'कारणे दाखवा' नोटीस निघाली. त्याच समाजातला तुमचा बालमित्र म्हणतो, हा सगळा देखावा आहे. तुम्हाला ते पटत नाही, पण त्याला काय सांगावं तेही सुचत नाही. पक्षाची कारवाई खरी आहे का, हे ओळखायचं कसं आणि साध्या सभासदाने करायचं काय, असं तुम्ही विचारलं आहे.

मी सव्वीस वर्षं मराठी दैनिकांत राजकीय बातमीदारी केली. त्यातली नऊ वर्षं दिल्लीत गेली. अशा वक्तव्यांच्या आणि त्यानंतरच्या सारवासारवीच्या इतक्या बातम्या लिहिल्या की खुलाशाचं पत्रक हातात पडण्याआधीच त्यातली वाक्यं मला सांगता यायची. पण तुमच्या तालुक्यातलं भाषण मी ऐकलेलं नाही, त्यामुळे त्या माणसाबद्दल निवाडा देणार नाही. मी अशी प्रकरणं कशी तपासतो, तेवढं सांगतो.

नोटीस खरी की खोटी, असं विचारलं की उत्तर हाती लागत नाही. नोटीस खरीच असते. तिच्यावर जावक क्रमांक असतो, शिक्का असतो, सही असते. विचारायचं ते असं: त्या माणसाचं नेमकं काय गेलं, आणि ते किती दिवसांनी त्याला परत मिळालं?

हे मला एका वाचकाने शिकवलं. साधारण वीस वर्षांपूर्वी एका पुढाऱ्याला अशाच भाषणावरून त्याच्या पक्षाने निलंबित केलं. मी बातमी दिली, ती पहिल्या पानावर चार कॉलम लागली. सात महिन्यांनी एक सेवानिवृत्त शिक्षक कचेरीत आले. ज्यांच्याबद्दल ते भाषण होतं, त्याच समाजातले. त्यांनी घडी घातलेलं कात्रण माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "याला काढल्याची बातमी तुम्ही एवढी मोठी दिलीत. परवाच्या मेळाव्यात तो त्याच पक्षाच्या व्यासपीठावर होता. परत घेतल्याची बातमी कुठल्या पानावर आली, ते दाखवता का?" ती कुठल्याच पानावर आली नव्हती. पक्षाने पत्रक काढलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. मला त्यांच्याकडे बघवेना.

त्या संध्याकाळी मी दोनशे पानी वही घेतली आणि रकाने आखले. कोण बोललं, कुठे, कधी. पक्षातून सर्वांत आधी कोण बोललं. खुलाशात त्या समाजाचं नाव घेतलं का. बोलणाऱ्याचं काय गेलं. शेवटचा रकाना: परत कधी. आधीचे रकाने दोन-तीन दिवसांत भरतात. शेवटच्याला कधी महिने लागतात, कधी वर्षं. मी निष्कर्ष काढतो तो त्याच रकान्यावरून.

एक प्रकरण सविस्तर सांगतो. २१ सप्टेंबर २०२३ची रात्र. संसदेच्या नव्या इमारतीतलं पहिलंच अधिवेशन आणि लोकसभेत चांद्रयान-३च्या यशावर चर्चा. दक्षिण दिल्लीचे भाजप खासदार रमेश बिधुरी यांनी भाषणाच्या ओघात अमरोह्याचे बसप खासदार दानिश अली यांना त्यांच्या धर्मावरून एकामागून एक शिव्या दिल्या. ते शब्द मी इथे लिहिणार नाही. देशाने चंद्रावर यान उतरवल्याच्या आनंदाची चर्चा चालू होती, आणि निवडून आलेल्या एका खासदाराला त्याच सभागृहात त्याच्या धर्माची शिवी ऐकावी लागली, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

आता रकाने भरू. पक्षातून पहिले बोलले राजनाथ सिंह, लोकसभेतले उपनेते. त्यांनी त्याच रात्री सभागृहात खेद व्यक्त केला, पण तो 'विरोधी सदस्य दुखावले गेले असतील तर' अशा धाटणीचा. अध्यक्ष ओम बिर्ला यांनी बिधुरींना ताकीद दिली. ते शब्द कामकाजातून काढण्यात आले. दुसऱ्या दिवशी पक्षाची 'कारणे दाखवा' नोटीस निघाली, उत्तराला १५ दिवसांची मुदत. इथे थांबणारा बातमीदार लिहील की पक्षाने गंभीर दखल घेतली. मीही पूर्वी तसंच लिहिलं असतं. पण ते १५ दिवस संपायच्या आधीच, एक आठवडाही झाला नसताना, राजस्थान विधानसभा निवडणुकीसाठी टोंक जिल्ह्याची जबाबदारी बिधुरींकडे आली. टोंक हा काँग्रेसच्या सचिन पायलट यांचा मतदारसंघ. पायलट गुर्जर, बिधुरीही गुर्जर, हिशेब उघड होता. नोटिशीचं उत्तर समाधानकारक होतं का, ही चर्चा होण्याआधीच माणूस कामाला लागला होता.

डिसेंबरमध्ये विशेषाधिकार समितीसमोर बिधुरींनी खेद व्यक्त केला. २०२४ला लोकसभेचं तिकीट त्यांना मिळालं नाही, ते रामवीरसिंह बिधुरी यांना गेलं. ही शिक्षा होती असं कुणी म्हणेल, पण पक्षाने तसं जाहीर केलं नाही, आणि न सांगितलेल्या शिक्षेतून पुढच्या माणसाला काही शिकता येत नाही. जानेवारी २०२५मध्ये दिल्ली विधानसभेसाठी त्यांना कालकाजीतून, तेव्हाच्या मुख्यमंत्री आतिशी यांच्याविरुद्ध उमेदवारी मिळाली. ते ३,५२१ मतांनी हरले, पण मला मोजायची होती ती उमेदवारी. पक्षाने तो रकाना स्वतःच्या हाताने भरला होता.

दानिश अलींचं काय झालं? ९ डिसेंबर २०२३ला त्यांच्याच पक्षाने, बसपने, पक्षविरोधी कारवायांचा ठपका ठेवून त्यांना निलंबित केलं. ते काँग्रेसमध्ये गेले आणि २०२४ला अमरोह्यात हरले. त्या निलंबनाचा या शिव्यांशी संबंध पक्षाने जोडला नव्हता. तरी माझ्या वहीत दोन्ही नोंदी शेजारी शेजारी आहेत, आणि ते पान उघडलं की मी अस्वस्थ होतो.

शब्द कामकाजातून काढतात म्हणजे काय, हेही समजून घ्या. लोकसभेच्या नियम ३८०नुसार अध्यक्ष असभ्य शब्द नोंदीतून वगळू शकतात. सभागृहाची प्रतिष्ठा राखण्यासाठी ते ठीक आहे. पण परिणाम असा होतो की अधिकृत इतिवृत्तात अपमानाचा मागमूस उरत नाही आणि मोबाइलवर मात्र तो कायमचा फिरत राहतो. शिवाय सभागृहात बोललेल्या शब्दांवर राज्यघटनेच्या कलम १०५मुळे कोर्टात जाता येत नाही. विधिमंडळात तेच संरक्षण कलम १९४ने मिळतं. म्हणजे तिथे कारवाई करू शकतात दोघेच: सभागृह आणि पक्ष.

एका पक्षाच्या एका प्रकरणावरून नियम काढू नये. तेलंगणातले भाजप आमदार टी. राजा सिंह यांना ऑगस्ट २०२२मध्ये प्रेषित मोहंमद यांच्याबद्दलच्या व्हिडिओवरून पक्षाने निलंबित केलं. निलंबन रद्द झालं २२ ऑक्टोबर २०२३ला. त्याच दिवशी विधानसभेसाठी उमेदवारांची पहिली यादी निघाली आणि गोशामहलमधून त्यांचं नाव त्यात होतं. ते निवडूनही आले. काँग्रेसचं पाहा. मे २०२४मध्ये, ऐन लोकसभा निवडणुकीत, सॅम पित्रोदा यांनी भारतीयांच्या विविधतेबद्दल बोलताना पूर्वेकडचे लोक चिन्यांसारखे आणि दक्षिणेकडचे आफ्रिकनांसारखे दिसतात, असं म्हटलं. पक्षाने तातडीने हात झटकले, आणि ८ मे रोजी पित्रोदांनी इंडियन ओव्हरसीज काँग्रेसचं अध्यक्षपद सोडलं. निकाल लागले ४ जूनला. २६ जूनला ते त्याच पदावर परत आले. सात आठवडे. ईशान्येतल्या ज्या मुलांना पुण्या-मुंबईत रोज 'चिनी' म्हणून हाक मारली जाते, त्यांच्याशी त्या सात आठवड्यांत पक्ष काही बोलला, असं माझ्या पाहण्यात आलं नाही.

या दोन्ही प्रकरणांतल्या तारखा निवडणुकीला बांधलेल्या आहेत. एकात निवडणूक आली म्हणून माणूस परत आला, दुसऱ्यात निवडणूक चालू होती म्हणून माणूस गेला. दुखावलेल्या लोकांचं समाधान झालं का, याच्याशी त्या तारखांचा संबंध दिसत नाही. तुमच्या मित्राला देखावा वाटतो, तो बहुधा यामुळे.

आता 'वैयक्तिक मत' या शब्दांकडे. ३ जानेवारी २०२३ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने कौशल किशोर प्रकरणात बहुमताने सांगितलं की मंत्र्याचं वक्तव्य, सामूहिक जबाबदारीचा आधार घेऊन, सरकारच्या नावावर टाकता येत नाही. त्या प्रकरणाची सुरुवात २०१६ची. बुलंदशहरच्या सामूहिक बलात्काराला समाजवादी पक्षाचे तेव्हाचे मंत्री आझम खान यांनी राजकीय कट म्हटलं होतं. पुढे त्यांना सर्वोच्च न्यायालयात बिनशर्त माफी मागावी लागली. न्या. बी. व्ही. नागरत्ना यांनी वेगळं निकालपत्र दिलं. आपल्या पदाधिकाऱ्यांच्या बोलण्याला आवर घालणं, त्यासाठी आचारसंहिता करणं हे राजकीय पक्षांचं काम आहे, असं त्यात आहे. मला त्यातला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. कायदा सरकारला जबाबदार धरणार नसेल, तर पक्षाची जबाबदारी वाढते.

'वैयक्तिक मत' हा खुलासा तपासायला मी एक साधी कसोटी लावतो: याच माणसाने हेच शब्द पक्षाच्या वरिष्ठाच्या घरच्यांबद्दल वापरले असते तर? मध्य प्रदेशचे मंत्री विजय शाह यांच्या बाबतीत ही तुलना प्रत्यक्षात करता येते. एप्रिल २०१३मध्ये झाबुआतल्या कार्यक्रमात ते मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांच्या पत्नीबद्दल अशोभनीय बोलले. त्यांना लगेच मंत्रिपद सोडावं लागलं, आणि काही महिन्यांतच ते पुन्हा मंत्री झाले. मे २०२५मध्ये तेच शाह महू भागातल्या सभेत कर्नल सोफिया कुरेशी यांच्याबद्दल त्यांच्या धर्माचा धागा पकडून बोलले. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन गुन्हा नोंदवायला लावला. सर्वोच्च न्यायालयाने त्यांची माफी नाकारली आणि तपासासाठी विशेष पथक नेमलं. एवढं होऊनही त्या दिवसांत पक्षाने राजीनामा घेतला नाही. तोच माणूस, तोच पक्ष. पक्षाला राजीनामा घेता येतो, हे २०१३ने दाखवलं होतं.

मग पक्ष हलतो कशाने? मे २०२२च्या अखेरीस नूपुर शर्मा टीव्हीवरच्या चर्चेत प्रेषितांबद्दल बोलल्या. त्या भाजपच्या राष्ट्रीय प्रवक्त्या होत्या, म्हणजे बोलणं हेच त्यांचं पक्षातलं काम. देशातून तक्रारी होत होत्या, गुन्हे नोंदले जात होते. पक्षाने निलंबन केलं ५ जूनला, कतार, कुवेत, इराण यांनी भारताच्या राजदूतांना बोलावून जाब विचारला तेव्हा. नंतर उदयपूर आणि आपल्या अमरावतीत त्यांना पाठिंबा देणाऱ्या दोन निरपराध माणसांचे खून झाले. त्या खुनांचा दोष खुन्यांचाच, त्याबद्दल माझ्या मनात संशय नाही. पण मधले ते आठ-दहा दिवस मी विसरू शकत नाही. कारवाई पहिल्या दोन दिवसांत, घरातल्या लोकांचं ऐकून झाली असती, तर वातावरण इतकं तापलं असतं का? याचं उत्तर कुणालाच देता येणार नाही, पण पक्षाने हा प्रश्न स्वतःला विचारायला हवा होता.

पक्षाने खरोखर किंमत मोजल्याचं उदाहरण विचाराल, तर मला ब्रिटनला जावं लागतं. २० एप्रिल १९६८ला बर्मिंगहॅममध्ये हुजूर पक्षाचे इनॉक पॉवेल यांनी स्थलांतरितांविरुद्ध भाषण केलं. पॉवेल म्हणजे किरकोळ माणूस नव्हे. विरोधी पक्षाच्या छाया मंत्रिमंडळात संरक्षण खातं त्यांच्याकडे होतं. पक्षनेते एडवर्ड हीथ यांनी दुसऱ्याच दिवशी त्यांना छाया मंत्रिमंडळातून काढलं. तेव्हा जनमत पॉवेल यांच्या बाजूने होतं. जनमत चाचणीत सुमारे तीन-चतुर्थांश लोक त्यांच्याशी सहमत निघाले, लंडनच्या गोदी कामगारांनी त्यांच्यासाठी संसदेवर मोर्चा नेला, पत्रांचा ढीग पडला. तरी हीथ मागे हटले नाहीत आणि पॉवेल पुन्हा कधीच त्या पक्षाच्या पहिल्या बाकांवर, म्हणजे नेत्यांच्या रांगेत, बसले नाहीत. माझ्या वहीत हा असा एकच मोठा नेता आहे, ज्याच्यापुढचा 'परत कधी' हा रकाना कोरा राहिला.

पण त्या गोष्टीची दुसरी बाजूही सांगायला हवी. हीथ यांचा आक्षेप भाषणाच्या वंशवादी सुराला होता. वंशभेदाला बंदी घालणारं जे विधेयक तेव्हा संसदेत होतं, त्याला हुजूर पक्षाचा अधिकृत विरोधच होता. पॉवेल पक्षात राहिले, १९७४पर्यंत त्याच पक्षाचे खासदार होते. म्हणजे माणूस पदावरून गेला, धोरण जागेवर राहिलं. तुमच्या पुढाऱ्यावर उद्या खरोखर कारवाई झाली, तरी तो जे बोलला तेच पक्षाच्या जाहीरनाम्यात सभ्य भाषेत लिहिलेलं आहे का, हेही तपासा.

अमेरिकेतलं एक उदाहरण परतीच्या तारखेसाठी. सिनेटमधले रिपब्लिकन नेते ट्रेंट लॉट यांनी ५ डिसेंबर २००२ला ज्येष्ठ सिनेटर स्ट्रॉम थर्मंड यांच्या शंभराव्या वाढदिवशी, थर्मंड १९४८ साली अध्यक्ष झाले असते तर देशाला पुढच्या अडचणी आल्या नसत्या, अशा अर्थाचं विधान केलं. थर्मंड १९४८ला गोऱ्या-काळ्यांचं वर्णविभाजन टिकवण्याच्या मुद्द्यावर अध्यक्षपदाला उभे होते. खुद्द राष्ट्राध्यक्ष बुश यांनी जाहीर नापसंती दाखवली आणि २० डिसेंबरला लॉट यांनी नेतेपद सोडलं. नोव्हेंबर २००६मध्ये पक्षाच्या सिनेटरांनी त्यांना २५ विरुद्ध २४ मतांनी पुन्हा दुसऱ्या क्रमांकाच्या पदावर निवडलं. चार वर्षं ही आपल्याकडच्या मानाने लांब मुदत आहे, हे मान्य करायला हवं.

महाराष्ट्रातही फार वेगळं चित्र नाही. नितेश राणे यांच्यावर सप्टेंबर २०२४मध्ये नगर जिल्ह्यातल्या मुस्लिमांविरुद्धच्या भाषणांवरून गुन्हे नोंदले गेले, डिसेंबरमध्ये ते मंत्री झाले आणि महिना संपायच्या आत केरळला 'मिनी पाकिस्तान' म्हणून मोकळे झाले. गुन्हा नोंदला म्हणजे सिद्ध झाला असं नाही, पण मंत्रिपद हा पक्षाचा निर्णय होता. २०२४च्या विधानसभा निवडणुकीच्या वेळी ठाकरे गटाचे खासदार अरविंद सावंत यांनी शायना एन. सी. यांच्याबद्दल बाई म्हणून हीन शब्द वापरला. त्यांनी नंतर दिलगिरी व्यक्त केली, पण पक्षातले सहकारी त्याआधीच त्यांच्या बचावाला उभे राहिले होते.

यात आम्हा मराठी पत्रकारांचाही दोष आहे. आमचे ठरलेले शब्द आहेत: 'जीभ घसरली', 'वाचाळवीर', 'मुक्ताफळं'. मीही ते मथळ्यांत वापरले. पण ज्या वाक्याला टाळ्या मिळतात, ज्यासाठी वक्ता क्षणभर थांबतो, आणि पुढच्या सभेत जे पुन्हा येतं, ते वाक्य जीभ घसरून आलेलं नसतं. १० एप्रिल २०१४ला मुरादाबादमध्ये मुलायमसिंह यादव यांनी बलात्काराच्या शिक्षेबद्दल 'मुलं आहेत, चुका होतात' असं म्हटलं, तेव्हा मुंबईच्या शक्ती मिल प्रकरणात फाशीची शिक्षा होऊन आठवडाही झाला नव्हता. ती प्रचारसभा होती. त्यांना माहीत होतं ते कुणासमोर बोलत आहेत. म्हणून शेवटची काही वर्षं मी मथळ्यात 'घसरली' लिहू दिलं नाही.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून असतं ते. पूर्ण भाषण ऐका. वीस सेकंदांच्या क्लिपवर मी कधीच मत बनवत नाही, कारण अर्धं वाक्य कापून उलटा अर्थ काढलेली प्रकरणंही मी पाहिली आहेत. 'विपर्यास झाला' हे नेहमीच खोटं असतं असं नाही. बोलणारा कोण, हेही पाहा. तालुका उपाध्यक्ष आणि पक्षाचा प्रवक्ता यांना एक माप लावता येत नाही. पहिल्यांदाच बोलला असेल आणि स्वतःहून त्या लोकांपर्यंत गेला असेल, तर त्याला परत घेणं चूक आहे असं मी म्हणणार नाही. अलाबामाचे गव्हर्नर जॉर्ज वॉलेस यांनी १९६३ साली वर्णविभाजन कायम राहील अशी शपथ घेतली होती. पुढे ते कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये जाऊन माफी मागून आले, आणि १९८२ला पुन्हा निवडून आले तेव्हा अनेक कृष्णवर्णीयांनी त्यांना मतं दिली. परत यायचं दार उघडलं ते पक्षाने नव्हे, ज्यांचा अपमान झाला होता त्यांनी. माझ्या मते तोच न्याय्य क्रम आहे.

माफीचे शब्दही नीट वाचा. 'कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर दिलगीर आहे' यात सगळा भार 'तर'वर आहे. दुखावल्या की नाही, हेच अजून ठरायचं आहे, असा त्याचा अर्थ. 'मी अमुक समाजाबद्दल अमुक बोललो, ते चूक होतं, ते शब्द मागे घेतो' असं वाक्य माझ्या वहीत फार थोड्या ठिकाणी आहे.

कोर्टकचेरीचा पर्याय तुम्ही विचारलेला नाही, तरी थोडं सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल २०२३ला सर्व राज्यांना सांगितलं आहे की द्वेषपूर्ण भाषणावर तक्रारीची वाट न पाहता गुन्हा नोंदवा. धर्म, जात, भाषा यांवरून वैर पसरवण्याबद्दल भारतीय न्याय संहितेचं कलम १९६ लागू होतं. पण त्या कलमाखाली खटला चालवायला सरकारची मंजुरी लागते, म्हणजे सत्तेतल्या माणसाचं प्रकरण फिरून सत्तेच्याच टेबलावर येतं. निवडणूक कायद्याचा दणका बसू शकतो, पण तो निवडणुकीतल्या भाषणापुरता, आणि तोही उशिरा. पार्ल्याची १९८७ची पोटनिवडणूक जुन्या लोकांना आठवत असेल. धर्माच्या नावाने मतं मागितल्याबद्दल शिवसेनेच्या पाठिंब्यावर निवडून आलेले रमेश प्रभू यांची निवड मुंबई उच्च न्यायालयाने १९८९मध्ये रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९५मध्ये तो निकाल कायम केला. प्रचारात भाषणं केलेल्या बाळासाहेब ठाकरे यांचा मतदानाचा हक्क सहा वर्षांसाठी गेला. निवडणूक १९८७ची, अखेरचा निकाल १९९५चा. मधल्या काळात पक्ष राज्यात सत्तेवर आला होता.

म्हणून तुमच्यासारख्या सभासदाला मी पक्षाच्या आतला रस्ता सुचवतो. शिस्तभंग समितीचे कागद माहितीच्या अधिकारात मिळत नाहीत. केंद्रीय माहिती आयोगाने २०१३ साली सहा राष्ट्रीय पक्षांना हा कायदा लागू केला होता, पक्षांनी तो पाळला नाही. पण सभासदाला विचारता येतं. जिल्हाध्यक्षांना पत्र लिहा. शिवीगाळ नको, राजीनाम्याची धमकी नको. नोटीस पक्षघटनेच्या कुठल्या कलमाखाली आहे, तिचं उत्तर आलं का आणि निर्णय कोण, कधी घेणार, हे विचारा. पक्षातर्फे त्या वस्तीत कुणी भेटायला गेलं का, हेही विचारा. एकट्याने सही करू नका, पाच-दहा जुने सभासद सोबत घ्या. पोच घ्या. बाहेरच्या शंभर जणांच्या निषेधापेक्षा आतल्या दहा जणांच्या सहीचा कागद जिल्हा कार्यालयात जास्त वेळ टेबलावर राहतो, हे मी अनेक पक्षांच्या कार्यालयांत बसून पाहिलं आहे.

आणि पत्राची प्रत, एबी फॉर्मवर सही करण्याचा अधिकार ज्याच्याकडे असतो, त्यालाही पाठवा. पक्षाचा अधिकृत उमेदवार कोण, हे त्या कागदाने ठरतं, आणि अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत तो निवडणूक अधिकाऱ्याकडे पोचावा लागतो. तुमच्या पुढाऱ्यापुढचा शेवटचा रकाना तिथे भरेल. दुसरं पत्र त्याच्या आधी महिनाभर जाऊ द्या, पहिल्या पत्राच्या पोचेची प्रत जोडून.

तुमच्या मित्राला आज ठाम उत्तर देऊ नका, कारण ते तुमच्याकडे नाही. त्याला सांगा की सभेची तारीख आणि नोटिशीची तारीख लिहून ठेवली आहे, आणि पत्र त्याला दाखवूनच पाठवा. एखादा शब्द तो बदलायला सांगेल, तो बदला. जिल्हाध्यक्षांचं उत्तर आलं, तर त्यात त्या समाजाचं नाव आहे का आणि 'तर' आहे का, तेवढं मला कळवा. पुढचं पत्र आपण त्यावरून ठरवू.